विश्लेषण : गुडघ्यात सुटा तुकडा दिसला, म्हणजे शस्त्रक्रिया हवीच का?

एक्स-रे किंवा एमआरआयच्या अहवालात ‘लूज बॉडी’ हे शब्द दिसले की घरात चिंता सुरू होते. काहींची घाईने शस्त्रक्रिया होते. ज्यांची खरोखर वेळेत व्हायला हवी, ते मात्र महिनोन् महिने मलम चोळत बसतात. या दोन्ही चुका टाळायच्या असतील, तर चित्रात काय दिसते यापेक्षा गुडघा काय करतो याला महत्त्व द्यायला हवे.

एमआरआयचा अहवाल हल्ली अनेकदा डॉक्टरांच्या आधी रुग्णाच्या मोबाइलवर येऊन पोहोचतो. तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर जातो. कुणी त्यातला एखादा इंग्रजी शब्द शोधून पाहतो आणि ‘गुडघ्यात हाडाचे तुकडे तरंगत आहेत’ एवढेच सगळ्यांच्या लक्षात राहते. मग ‘लगेच काढून टाका’ असे सांगणारा एक नातेवाईक असतो आणि ‘अजिबात चाकू लावू देऊ नका’ असे बजावणारा दुसरा. गुडघा नेमका काय करतो, कधी अडकतो आणि कधी नुसताच दुखतो, हे मात्र कुणी विचारत नाही. निर्णय खरे तर त्या उत्तरावर अवलंबून असतो.

‘लूज बॉडी’ म्हणजे नेमके काय?

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि गुडघ्याची वाटी यांच्यामध्ये एक बंद पिशवी असते. तिच्यात वंगणासारखा थोडा द्रव असतो आणि हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. कूर्चेचा, हाडाचा किंवा दोन्हींचा एखादा तुकडा सुटून या पिशवीत आला, की त्याला ‘लूज बॉडी’ म्हणजे सुटा तुकडा म्हणतात. तो मोहरीएवढा असू शकतो, तसा सुपारीएवढाही. काही तुकडे पूर्ण मोकळे असतात, तर काही एखाद्या पातळ देठाने चिकटून लोंबकळत असतात.

आज एका ठिकाणी हाताला लागणारा तुकडा उद्या तिथे सापडत नाही. या पळपुटेपणामुळे युरोपातील जुन्या डॉक्टरांनी त्याला ‘सांध्यातला उंदीर’ असे नाव दिले होते.

या तुकड्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. हाडाला जगण्यासाठी रक्त लागते, त्यामुळे सुटलेल्या तुकड्यातील हाडाचा भाग मरतो. कूर्चेचे पोषण मात्र सांध्यातील द्रवातूनच होते. त्यामुळे सुटलेली कूर्चा जिवंत राहू शकते आणि तिच्यावर थरावर थर चढून तुकडा वर्षागणिक मोठाही होऊ शकतो. तो ‘विरघळवणारी’ गोळी, तेल, काढा किंवा इंजेक्शन उपलब्ध नाही.

हे तुकडे येतात कुठून?

याची कारणे वयानुसार बदलतात आणि उपचार बऱ्याच अंशी त्या कारणावर ठरतात.

पहिले कारण दुखापत. कबड्डीत पाय अडकून शरीर वळले किंवा खो-खोत बसल्या जागेवरून उसळी घेताना वाटी बाजूला सरकून पुन्हा जागेवर आली, तर त्या घासण्यात कूर्चेचा कपचा हाडासह निघू शकतो. गुडघा काही तासांतच टम्म सुगतो, कारण आत रक्त साचलेले असते. हा प्रकार तरुणांत दिसतो आणि बऱ्याचदा ‘मुरगळला आहे’ म्हणून सोडून दिला जातो.

दुसरे कारण वाढत्या वयातील मुलामुलींचे. साधारण दहा ते वीस वर्षे वयात, विशेषतः खूप खेळणाऱ्यांत, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरील एका छोट्या भागाचा आधार कमकुवत होतो. वरची कूर्चा आधी सैल होते आणि पुढे कधी कधी सुटून येते. जर्मन शल्यविशारद फ्रान्झ क्योनिग यांनी 1887 मध्ये या आजाराला ‘ऑस्टिओकाँड्रायटिस डिसेकन्स’ हे नाव दिले. सुरुवातीला त्याचे मूळ दाह असावे असे वाटले होते. पुढे तसे नसल्याचे दिसून आले, पण नाव तेच राहिले.

तिसरे आणि उतारवयात नेहमी दिसणारे कारण म्हणजे झीज. झिजलेल्या सांध्याच्या कडेला हाडाचे काटे वाढतात. त्यांतील एखादा तुटतो किंवा कूर्चेचा पापुद्रा सुटतो. इथे तुकडा हा मूळ आजार नसतो, तो झिजेचा परिणाम असतो. पुढचा सगळा गोंधळ हा फरक विसरल्यामुळे होतो.

याखेरीज सांध्याच्या अस्तरातच कूर्चेच्या गाठी तयार होऊन डझनावारी तुकडे सुटण्याचा एक दुर्मीळ आजार आहे. क्षयाची लागण किंवा आमवात असलेल्या सांध्यात तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कण साचतात. तिथे केवळ दाणे काढून भागत नाही, मूळ रोगावर औषधोपचार करावे लागतात. भारतात क्षयाचे प्रमाण पाहता ही शक्यता डॉक्टरांनी लक्षात ठेवायलाच हवी.

गुडघा ‘अडकतो’ म्हणजे काय होते?

सगळ्या निर्णयाचा कणा इथे आहे. दाराच्या बिजागरीत खडा अडकला की दार एका कोनापलीकडे उघडत नाही. सुटा तुकडा दोन हाडांच्या मध्ये आला की गुडघ्याचे तेच होते. चालता चालता किंवा मांडी मोडून उठताना गुडघा अचानक एका कोनात थांबतो आणि पूर्ण सरळ होतच नाही. पाय थोडा हलवला, वळवला की ‘खट्’ होऊन तो मोकळा होतो आणि पुढे पाच मिनिटांत माणूस काही झालेच नाही असा चालू लागतो. दोन दिवसांनी किंवा दोन महिन्यांनी पुन्हा तसेच. दुखण्याची जागा बदलत राहणे आणि त्वचेखाली सरकणारी गाठ लागणे, या खुणाही महत्त्वाच्या. याला खरे अडकणे म्हणतात.

खोटे अडकणे याहून वेगळे. सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला असतो आणि चार पावले टाकल्यावर सैल होतो. सिनेमा संपल्यावर किंवा एसटीतून उतरताना पाय सरळ करायला त्रास होतो. जिना उतरताना कळ येते म्हणून गुडघा वाकवावासा वाटत नाही. या तक्रारी खऱ्या आणि त्रासदायक असतात. पण त्या मुख्यतः झिजेमुळे, सुजेमुळे किंवा मांडीच्या स्नायूंच्या अशक्तपणामुळे येतात. तुकडा काढून त्या जात नाहीत. नुसता कटकट आवाज येणे, तेही दुखत नसेल तर, सहसा काळजीचे नसते.

झीज आणि सुटा तुकडा एकाच गुडघ्यात असतील, तर त्रास नेमका कशाने होतो, हे चित्रावरून कळत नाही. ते रुग्णाने सांगितलेल्या हकिगतीवरून आणि हाताने केलेल्या तपासणीवरून कळते.

तपासणीत काय दिसते, काय निसटते?

हाड किंवा कॅल्शियम असलेला तुकडा साध्या एक्स-रेत दिसतो. निव्वळ कूर्चेचा तुकडा एक्स-रेत दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. म्हणून दुखापतीनंतर गुडघा टम्म सुजला असेल आणि एक्स-रे ‘नॉर्मल’ आला असेल, तर विषय तिथेच संपवू नये.

उलट चूकही होते. गुडघ्याच्या मागे बाहेरच्या बाजूला काही जणांना ‘फॅबेला’ नावाचे एक छोटे हाड असते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘छोटा घेवडा’. ते स्नायूच्या दोरीत बसलेले, जन्मजात ठेवणीचा भाग असलेले हाड आहे. पण एक्स-रेत ते सुट्या तुकड्यासारखे भासू शकते. फरक इतकाच, की फॅबेला दर वेळी त्याच जागी दिसते आणि सुटा तुकडा जागा बदलतो. म्हणूनच जुने एक्स-रे फेकून देऊ नयेत.

शस्त्रक्रिया केव्हा टाळू नये?

गुडघा वारंवार खऱ्या अर्थाने अडकत असेल आणि त्याचे कारण ठरेल असा तुकडा तपासणीत सापडला असेल, तर तो काढणे योग्य. अडकताना तुकडा दरवेळी निरोगी कूर्चेवर ओरखडे ओढतो. कूर्चेला रक्तपुरवठा नसल्याने ते ओरखडे नीट भरून येत नाहीत. शिवाय रस्ता ओलांडताना, जिन्यावर किंवा दुचाकीवर गुडघा अडकला, तर पडण्याचा धोका वेगळाच.

तरुण खेळाडूच्या बाबतीत तर वेळ फार मोलाची असते. ताज्या दुखापतीत हाडासह निघालेला मोठा तुकडा फेकून द्यायचा नसतो. तो बारीक स्क्रू किंवा विरघळणाऱ्या पिनांनी मूळ जागी बसवता येतो. मात्र उशीर झाला, की तुकड्याच्या कडा गोल होतात, त्याचा आकार बदलतो आणि तो आपल्याच खळगीत बसेनासा होतो. मग तो काढून टाकण्याखेरीज पर्याय उरत नाही आणि विशीतल्या मुलाच्या गुडघ्यात कायमचा खड्डा राहतो. पुढे तिथेच लवकर झीज सुरू होण्याची भीती असते. तालुक्याच्या मैदानावर पडलेल्या मुलाचा सुजलेला गुडघा आठवडाभरात अस्थिरोगतज्ज्ञाने पाहणे म्हणूनच गरजेचे आहे. गुडघा अडकलेला असताना जोराने ओढून किंवा झटका देऊन तो ‘बसवण्याचा’ प्रयत्न कुणाकडूनही करून घेऊ नये.

वाढत्या वयातील ज्या मुलांत तुकडा अजून सुटलेला नाही, जागेवर घट्ट आहे, त्यांना मात्र काही महिने खेळ थांबवून आणि ठरावीक काळाने तपासणी करून अनेकदा शस्त्रक्रियेविनाच बरे करता येते.

‘गुडघा धुऊन काढण्या’चा उपयोग किती?

सांध्यातून तुकडा काढणे ही काही नवी गोष्ट नाही. फ्रेंच शल्यविशारद आंब्रोआझ पारे यांनी 1558 मध्ये गुडघ्यातून असा तुकडा काढल्याची नोंद आहे. टोकियोत केंजी ताकागी यांनी 1918 मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिले. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ते तंत्र विकसित केले आणि 1962 मध्ये फाटलेल्या गादीचा भाग दुर्बिणीतून काढला. मोठी चीर न देता सांधा पाहता येऊ लागल्याने आर्थ्रोस्कोपी जगभर पसरली. पण शस्त्रक्रिया सोपी झाली, तशी ती गरज नसलेल्या गुडघ्यांपर्यंतही पोहोचली. झिजलेला गुडघा पाण्याने धुवायचा, आतील कचरा आणि खरबरीत कूर्चा साफ करायची, हा उपचार रूढ झाला.

त्याला पहिला मोठा धक्का 2002 मध्ये बसला. अमेरिकेतील ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली आणि सहकाऱ्यांनी झिजेचे 180 रुग्ण चिठ्ठी टाकून तीन गटांत विभागले. एका गटाचा गुडघा साफ केला, दुसऱ्याचा फक्त धुतला आणि तिसऱ्या गटाच्या त्वचेवर केवळ चिरा दिल्या. खोटेपणा कळू नये म्हणून पाण्याचा आवाजही केला. दोन वर्षे पाहणी करूनही तिन्ही गटांच्या वेदनेत आणि हालचालीत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. हे रुग्ण बहुतांश पुरुष, माजी सैनिक होते, अशी टीका झाली. तेव्हा कॅनडात स्त्री-पुरुष दोघांचा समावेश असलेला अभ्यास झाला आणि 2008 मध्ये त्याचा निष्कर्षही तोच आला : चांगल्या व्यायाम आणि औषधोपचाराला शस्त्रक्रियेची जोड दिल्याने जास्तीचा फायदा होत नाही.

या चाचण्या झिजलेल्या गुडघ्यांवरच्या होत्या, दुखापतीने नुकत्याच सुटलेल्या तुकड्यांवरच्या नव्हत्या, हे विसरता कामा नये. त्यांचा आधार घेऊन अडकणाऱ्या तरुण गुडघ्याला शस्त्रक्रिया नाकारणे चूक. आणि अडकणाऱ्या गुडघ्याचा दाखला देऊन प्रत्येक झिजलेला गुडघा साफ करणे, हीसुद्धा चूकच.

मार्गदर्शक तत्त्वे काय सांगतात?

इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेची भूमिका या संदर्भात बोलकी आहे. झिजेच्या रुग्णांना गुडघा धुण्यासाठी पाठवू नये, गुडघा खऱ्या अर्थाने अडकत असल्याची स्पष्ट हकिगत असेल तरच अपवाद करावा, असे तिने 2014 च्या तत्त्वांत म्हटले होते. सकाळचा ताठरपणा, गुडघा लचकणे आणि ‘एक्स-रेत सुटा तुकडा दिसणे’ या गोष्टी अपवादासाठी पुरेशा नाहीत, हेही त्यात नावानिशी नमूद होते. 2022 च्या नव्या तत्त्वांत तर झिजेसाठी धुणे-साफ करणे देऊच नये, असे थेट सांगितले आहे.

गुडघा सरसकट ‘साफ करणे’ आणि एक विशिष्ट, अडकणारा तुकडा काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला आधार उरलेला नाही. दुसऱ्याला आहे, पण त्यासाठी डॉक्टरांना तुकडा कुठे आहे, केवढा आहे आणि रुग्णाची कोणती तक्रार त्याने होते, हे सांगता आले पाहिजे.

हे भान सुटण्यामागे व्यवस्थेचाही हात आहे. समजावून सांगण्याला वेगळे बिल नसते, शस्त्रक्रियेला असते. विमा कंपन्या आणि सरकारी योजनांचे पॅकेजही शस्त्रक्रियेभोवती बांधलेले असते. तीन महिने नेटाने करून घेतलेल्या व्यायामाभोवती क्वचितच. अशा वेळी ‘रिपोर्टमध्ये आहे, काढून टाकू’ हे वाक्य डॉक्टरांनाही सोपे जाते आणि रुग्णालाही. काहीतरी ठोस केल्याचे समाधान दोघांना मिळते. गुडघा मात्र काही महिन्यांनी पुन्हा पहिल्यासारखाच दुखू लागतो.

शस्त्रक्रिया कशी होते, धोके काय?

गरज असेल तर ही शस्त्रक्रिया फार मोठी नाही. कमरेत भूल देऊन किंवा पूर्ण भूल देऊन वाटीच्या दोन्ही बाजूंना साधारण सेंटिमीटरभराची छिद्रे पाडतात. एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून चिमटा. सांधा सलाइनने फुगवलेला असतो, त्यामुळे हलका तुकडा चिमट्याला हुलकावणी देतो. काही वेळा तो वाटीच्या वरच्या कप्प्यात किंवा गुडघ्याच्या मागच्या भागात दडून बसतो आणि आणखी एक छिद्र पाडावे लागते. म्हणूनच अनेक शल्यविशारद शस्त्रक्रियेच्या आधी ताजा एक्स-रे काढून तुकडा सध्या कुठे आहे, ते पाहतात.

केवळ तुकडा काढला असेल, तर रुग्ण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आधाराने चालत घरी जातो. तुकडा मूळ जागी बसवला असेल, तर काही आठवडे कुबड्या लागतात. जंतुसंसर्ग, पोटरीच्या नसेत रक्ताची गुठळी, सांधा ताठरणे हे धोके कमी असले तरी शून्य नाहीत. शस्त्रक्रियेनंतर ताप, वाढती सूज किंवा पोटरीत दुखणे सुरू झाल्यास थांबून राहू नये. आणि तुकडा निघाला म्हणून झीज थांबत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे.

शस्त्रक्रिया लागणार नसेल तर काय करायचे?

तपासणीत सहज सापडलेला, न अडकणारा तुकडा तसाच राहू दिला तरी चालतो. तो आयुष्यभर एखाद्या कोपऱ्यात, अस्तराला चिकटून, गुपचूप पडून राहू शकतो. अशा वेळी खरे काम असते झिजेवरचे. मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करणे, नियमित चालणे आणि वजन कमी करणे. वजन एक किलोने घटले, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे जाड रुग्णांवरील एका अमेरिकी अभ्यासात 2005 मध्ये दिसले होते. दिवसभराच्या पावलांचा हिशेब केला, तर हा फायदा किती मोठा आहे ते कळते.

मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून खुरपणी करणे, बैठ्या शौचालयाचा वापर यांत गुडघा पूर्ण दुमडतो. त्याने त्रास वाढत असेल, तर पाट, बुटके स्टूल, कमोडची खुर्ची असे बदल करण्यात कमीपणा नाही. झीज फारच पुढे गेली असेल, तर पर्याय सांधेबदलाचा. त्याआधी दुर्बिणीने सफाई करून घेण्याने तो टळत नाही.

रुग्णाने काय विचारावे?

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर चार प्रश्न विचारायला संकोच नसावा. गुडघा खरेच अडकतो आहे की आखडतो आहे? माझी तक्रार या तुकड्यामुळेच आहे, असे कशावरून? तुकडा कुठून सुटला आणि तो पुन्हा बसवता येईल का? शस्त्रक्रिया न करता तीन महिने व्यायाम केला, तर नुकसान काय? प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात असाल, तर कोणता उपचार योजनेत बसतो, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून आधीच जाणून घ्यावे. योजनेत बसते म्हणून शस्त्रक्रिया करून घेणे हे मात्र कारण होऊ शकत नाही.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एक साधी नोंद फार उपयोगी पडते. गुडघा कोणत्या तारखेला अडकला, तेव्हा काय करत होतो, किती वेळ सरळ झाला नाही आणि कशाने मोकळा झाला, एवढेच मोबाइलमध्ये लिहून ठेवायचे. महिनाभराच्या नोंदीत एकदाही ‘सरळ झाला नाही’ असे लिहावे लागले नसेल, तर अहवालातला तो तुकडा बहुधा निरुपद्रवी आहे. तीन-चार वेळा लिहावे लागले असेल, तर मलमाची बाटली बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञाची वेळ घ्यायला हवी.